ठोंब्याची गादी

लेकीचा फोन आला तेव्हा डागकाका शर्टाच्या कॉलरला इस्त्री करत होते. लॉन्ड्री बंद करून बराच काळ लोटला होता, पण सवय सुटत नव्हती. आयुष्यभर लोकांच्या कपड्यांवरचे शाईचे, गंजाचे, तेलाचे डाग काढले म्हणून गल्लीने त्यांना हे नाव ठेवलं, आणि ते चिकटलं ते चिकटलंच. एवढा एक डाग काही यांच्या हातून निघाला नाही, असं त्यांची बायको म्हणायची.

लेक म्हणाली, तुमच्या नातीला, छोटीला घेऊन रविवारी येते, चांगले दोन दिवस राहते. पण ठोंब्याच्या गादीचं काहीतरी करा. मागच्या खेपेला दारातच वास आला होता, आणि छोटीला जरा काही झालं की धाप लागते. गादी तशीच असेल तर मात्र यायचं जमणार नाही.

काकांना कसलाच वास येत नसे. दुकानातल्या रसायनांनी त्यांचं नाक कधीचंच कामातून गेलं होतं. दूध नासलं तरी कळायचं नाही. बायको होती तोवर घर तिच्या नाकावर चालायचं.

ठोंब्या हा त्यांचा म्हातारा, तपकिरी कुत्रा. हाक मारली की आधी विचार करायचा, मग उठायचा, म्हणून तिनेच हे नाव ठेवलेलं. गादीही तिनेच शिवलेली. संध्याकाळी गुडघ्यांना निलगिरीचं तेल चोळून ती त्या गादीवर बसायची. ठोंब्या कडेला सरकून जागा द्यायचा आणि ती आपले गार पाय खुशाल त्याच्या पोटाखाली घालायची. नवऱ्यापेक्षा हा बरा, पाय गार लागले म्हणून कुरकुरत तरी नाही, असं काकांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणायची.

ती गेली तेव्हा काकांच्या हातून एक भलतंच होऊन बसलं. त्यांना रडू येईना. हातांना काहीतरी काम हवं होतं आणि हातांना एकच काम येत होतं. त्यांनी दुकान उघडलं आणि तिचा झाडून सगळा कपडा धुतला, अगदी रुमालापर्यंत. कडक इस्त्री केली, एकेक कपडा प्लास्टिकच्या पिशवीत घातला. लेकीने आल्या आल्या कपाट उघडून आईच्या शालीत तोंड खुपसलं. मग मान वर करून ती म्हणाली, "बाबा, आई कुठेच ठेवली नाहीत तुम्ही."

आपल्याला तो वास येणारच नव्हता, म्हणून तो असतो हेच काका विसरून गेले होते.

तर गादी. काकांनी ती मागच्या अंगणात नेली, झटकली. रबरी हातमोजा ओला करून तिच्यावरून फिरवला, की केस कसे गोळा होऊन येतात. खोळीवर खाण्याचा सोडा भुरभुरला, उन्हात ठेवला, ब्रशने काढला. सुवासिक पावडर त्यांनी जवळही आणली नाही, कुत्र्याला ती सोसत नाही. कोमट पाण्यात पांढरं व्हिनेगर घालायचं, खोळ बुडवायची आणि धीर धरायचा. नव्या पोरांना तेवढा धीर कुठला, असं पुटपुटत त्यांनी आतला फोम काढायला हात घातला आणि हाताला लोकर लागली.

तिचा मरून स्वेटर होता. गादीला उशाशी जाड हवं म्हणून तिने तो आत घालून शिवला होता. काकांच्या तावडीतून सुटलेला तेवढाच.

त्यांनी तो नाकाशी धरला. काही नाही. पुन्हा धरला, डोळे मिटून, खोल श्वास घेऊन. लोकर टोचली, बाकी काही नाही. ठोंब्या शेजारी बसून शेपूट हलवत होता. त्याला सगळं कळत होतं, आणि काकांना आयुष्यात पहिल्यांदा कुत्र्याचा हेवा वाटला.

पण छोटीची धाप आठवली. स्वेटर ठेवला तर लेक यायची नाही. काकांनी काळजावर दगड ठेवला आणि तोही पाण्यात सोडला.

सगळं खडखडीत वाळल्यावर त्यांनी गादी पुन्हा शिवली आणि जागेवर ठेवली. ठोंब्याने ती हुंगली, काकांकडे पाहिलं आणि तो लांब जाऊन बसला. संध्याकाळ झाली तसा तो उठून आला. रिकाम्या गादीकडे पाहत त्याने शेपूट हलवलं. मग अगदी कडेला अंग चोरून पडला आणि बाकीची गादी मोकळी सोडली.

रविवारी लेक आली. छोटी दमली होती, तिला आतल्या खोलीत झोपवलं. लेक बाहेर आली आणि गादीपाशी थबकली.

"बाबा, धुतली नाहीत ना?"

काका म्हणाले, दोन पाण्यांतून काढली आहे.

"मग आईचा वास कसा येतोय?"

ती गुडघ्यांवर बसली आणि रडायला लागली. काका शेजारी बसले. त्यांनी तिचे डोळे पुसायला हवे होते, पण तोंडून भलतंच निघालं.

"कसा येतोय? सांग ना मला."

लेकीने सांगितलं. आधी निलगिरी. मग गरम इस्त्रीखालच्या सुती कापडाचा. आणि त्याच्या खाली आईच्या मानेचा. काका भुकेल्यासारखे ऐकत होते. झाल्यावर म्हणाले, पुन्हा सांग.

दुपारी लेकीने स्वतः खोळ, फोम, स्वेटर, सगळं गरम पाण्यातून काढलं. ओलं असताना नाक लावून पाहिलं, वास नव्हता. दुसऱ्या दिवशी वाळलेली गादी जागेवर ठेवली, आणि थोड्या वेळाने ती स्वयंपाकघरातून बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. वास वाढला होता. ठोंब्या कडेला पडला होता. त्याच्या शेजारी गादी खोलगट दबली होती.

लेकीने हाताने ती जागा सारखी केली. हात काढल्यावर ती पुन्हा दबली.

"टाकून द्या ही," ती हळू आवाजात म्हणाली. "आई असली तरी नको. मला भीती वाटते."

काका हो म्हणाले. पोटच्या पोरीपुढे कुत्र्याच्या गादीचा काय हट्ट धरायचा? कचऱ्याची गाडी सकाळी येणार होती. लेक सामान भरायला आत गेली.

काका गादी उचलायला वाकले आणि त्यांचे हात चालेनात. सगळ्यांना ती भेटून गेली होती. लेकीला, कुत्र्याला. फक्त त्यांनाच नाही. ते तिथेच बसले. म्हणाले, "ठोंब्या, मला दे रे थोडी जागा."

ठोंब्याने नेहमीसारखा विचार केला. मग तो उठला, गादीवरून खाली उतरला आणि दाराशी जाऊन उभा राहिला.

काका त्याच्या जागी, कडेला, कुशीवर आडवे झाले.

आधी निलगिरी आली. झोंबणारी, ओळखीची.

मग इस्त्री.

मग ती.

काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, इतक्या दिवसांचं सगळं.

लेक बाहेर आली तेव्हा ते उठून बसले होते. तिने बिचकत हवा हुंगली. मग जवळ येऊन हुंगली. तिचे खांदे सैल पडले.

"गेला, बाबा. आता काहीच येत नाही. राहू दे हवी तर."

काकांपुरती मात्र घरभर निलगिरी दरवळत होती.

ठोंब्या मात्र गादीजवळ येईना. लेकीने गाडीचं दार उघडलं तसा तो पहिल्यांदाच विचारबिचार न करता आत चढला आणि छोटीच्या पायांशी जाऊन बसला. नेऊ का याला, लेकीने विचारलं. काका म्हणाले, ने, माझं काही अडत नाही.

गाडी वळणाआड गेली. काकांनी दार लावलं. दिवे लागायला अजून अवकाश होता. ते गादीवर गेले, भिंतीकडे तोंड करून, अगदी कडेला, गुडघे पोटाशी घेऊन झोपले.

पाठीमागे फोम हळूच दबला.

काका आणखी थोडे सरकले. मग त्यांच्या पोटाखाली दोन पाय शिरले, गारढोण, आणि काका कुरकुरले नाहीत.