थांबा म्हणायचं राहिलं

दिवे येईपर्यंत सांगतो. मध्ये कुणी खुसखुसलं तर गोष्ट बंद. माझा मेहुणा खोटं बोलणाऱ्यातला नाही, म्हणून सांगतोय.

मागच्या फेब्रुवारीतला मंगळवार. रात्री पावणेदहा. एका शिंप्याच्या एमआरआयच्या फिल्म्स इस्पितळात पडून होत्या, त्या त्याच्या घरी द्यायला मेहुणा निघाला. शिंपी जाऊन महिना झाला होता.

मेहुण्याचं काम काय, तर ऑपरेशन चालू असताना पडद्यासमोर बसायचं. मज्जारज्जूतून पायांकडे जाणारे संदेश तिथे रेघेसारखे दिसतात. रेघ खचली की 'थांबा' म्हणायचं. एवढीच नोकरी.

शिंप्याच्या मज्जारज्जूत चरबीची गाठ होती. ही गाठ नसांत इतकी मुरलेली असते की सगळी काढायला जायचंच नाही. दाब कमी झाला की उरलेली तशीच ठेवून बाहेर यायचं. मेहुणा एकदा 'थांबा' म्हणाला, तर निघाली नुसती वायर सैल. सर्जन सगळ्यांसमोर खेकसले. दुसऱ्यांदा रेघ खचली, तेव्हा हा मूग गिळून बसला. मनात म्हणाला, बघू अर्धं मिनिट. तेवढ्यात शिंप्याचे पाय गेले. अंथरुणाला खिळला, आणि चार महिन्यांत संपला.

तर, शिंप्याच्या बायकोने फिल्म्स घेतल्या. बसा म्हणाली.

"भाऊ, ते ऑपरेशन नकोच म्हणत होते. मीच हट्ट धरला. मीच घालवले त्यांचे पाय."

एका वाक्याचं काम होतं. वहिनी, चूक माझी. पण जीभच उचलेना त्याची.

आणि आतल्या खोलीत शिलाई मशीन सुरू झालं. पायाने चालवायचं. खटखट... खटखट...

"आत कोण आहे?"

"कोणी नाही." ती बघतच राहिली. "तुम्हालाही ऐकू येतंय?"

मशीन थांबलं.

"भाऊ... काही सांगायचंय का तुम्हाला?"

"नाही."

खटखट. आता जवळ. अगदी पाठीशी. तो उठला. चपला राहिल्या. धावत सुटला.

त्या बाईला आजही वाटतं, चूक तिचीच. मला भुतापेक्षा तेच जास्त लागतं.

घरी आल्यावर माझ्या बहिणीने त्याचा शर्ट उजेडात धरला. पाठीवर मधोमध, मानेपासून कमरेपर्यंत, काळ्या दोऱ्याची सरळ शिवण. शर्ट अंगात असतानाच घातलेली. दोरा तोडलेला नव्हता. तो जमिनीवरून दारापर्यंत गेला होता... आणि दाराखालून बाहेर, रस्त्याकडे.