शुक्रवारचा वारा

सरकून बसा पोरहो, दार लोटून घ्या. हे ऐकीव नाही. बोरी अरबच्या रहेमान मिस्तरीवर गुदरलेली गोष्ट हाय, अन् तिचा शेवट म्या माह्या डोयानं पाह्यला.

त्रेसष्टचा नोव्हेंबर, तेरा तारीख. बुधवार, रात्रीचे सव्वाअकरा. रहेमानभाई एका वावरातलं ऑइल इंजिन दुरुस्त करून सायकलनं घरी येत होता. खांद्यावर पांढरा दुपट्टा. वाटेत ते मैदान लागे, जिथं कपाशीच्या पऱ्हाटीवर औषध फवारणारं विमान उतरे.

चाळीस दिवसांआधी तिथंच अपघात झालता. पायलट पोरगेलासा, कामात हुशार; पण विमान त्याले नवं होतं. जुन्या विमानाच्या साऱ्या खोडी त्याले घरच्या बैलावानी ठाऊक, ह्याच्या नाही. रोज रहेमानभाईले सांगे, "मिस्तरी, उतरते वक्त मुझे हवा का रुख दिखना चाहिए. कपडा मत निकालना."

कपडा म्हंजे वारा कुठला ते दिसावं म्हणून बांबूच्या शेंड्याले बांधलेला रहेमानभाईचाच दुपट्टा; मैदानाचं ते काम त्याच्याकडंच होतं. त्या शुक्रवारी त्यानं तो सोडला, डोक्याले बांधला अन् नमाजाले गेला. विमान यायले अजून तास हाय, असं वाटलं त्याले. विमान लवकर आलं. दोन घिरट्या मारल्या, कपडा दिसेना. वारा पाठीवर घेऊन उतरलं, ते थांबलंच नाही. थेट नाल्यात. पोरगा जागीच गेला.

रहेमानभाई धावत आला. पहिले त्यानं बांबूले दुपट्टा बांधला... मंग नाल्याकडे गेला. चौकशीत म्हणे, "कपडा होता जी." सारा दोष मेलेल्या पोरावर. त्याचा बाप खाली मान घालून गाडीत बसला. ते आठवलं का अजूनही मले रहेमानभाईचा राग येते.

तर त्या रात्री... मैदानाजवळ सायकल जड झाली. वर घरघर. दिवा नाही. एक घिरटी. दुसरी. मंग आवाज बंद.

काहीच नाही...

"मिस्तरी..." अगदी कानाजवळ. "हवा किधर से है?"

रहेमानभाईनं वळून पाह्यलं. कोणी नाही.

"मिस्तरी... कपडा?"

त्यानं खांदा चाचपला. दुपट्टा नव्हता.

सायकल टाकून माह्या दारात येऊन पडला. "नानाजी, कपडा नव्हता. म्या झूट बोललो. त्याच्या बापाले लिवा, आत्ताच लिवा." कंदिलाच्या उजेडात म्या पत्र लिवलं. त्यानं सही केली.

उजाडल्याबरोबर आम्ही दोघं मैदानावर गेलो. दुपट्टा बांबूच्या शेंड्याले. बांबू आडवा पाडल्याशिवाय तिथं गाठ मारता येत नाही, अन् बुडाची माती कोणी हलवली नव्हती.

सकाळ अशी कुंद, का बाभळीचं पान हलत नव्हतं. दुपट्टा मात्र ताठ फडफडत होता... नाल्याकडे.

त्या शुक्रवारी वारा तिकडेच होता.