पळसावरची चिंधी

त्या संध्याकाळी लिंबायतला दिवेलागणीलाच वीज गेली. गच्चीवर जमलेली पोरं पुन्हा आपल्या मोटारसायकलींच्या गप्पांवर आली. दिवाळीच्या सुट्टीत डांगातल्या कच्च्या वाटांनी तीन दिवस हिंडायचा त्यांचा बेत होता. चिंधाआप्पा कठड्याला टेकून ऐकत होते. एका पोरानं विचारलं, आप्पा, तुमच्या आईला दुसरं नाव सापडलं नाही का? सगळे हसले.

"माझ्या आधीची दोन गेली होती," आप्पा म्हणाले. "म्हणून चिंधी म्हटलं. चिंधी कोण उचलून नेतो? हसून झालं असेल तर ऐका. आमचा वाल्मिक तुमच्याएवढाच शहाणा होता."

ही पंच्याण्णवच्या दिवाळीच्या पाडव्याची गोष्ट. वाल्मिक बमरोलीच्या एका कापडाच्या कारखान्यात, लूमच्या खात्यात, मास्टर होता; लूम बिघडला की तोच दुरुस्त करायचा. बायको योगिता साक्री तालुक्यात माहेरी बाळंत झालेली. भाऊबीजेला मुलाचं बारसं. आपल्याच लूमवर निघालेलं लाल कापड पाळण्यासाठी घेऊन जायचं, एवढंच काम. पण आधीची दोन मुलं पाळण्यातच गेली होती. भीतीपायी हे बारसंही तीन महिने लांबलं होतं. वाल्मिकची आई मंगलाबाई म्हणाली होती, याला चिंधा म्हणू. वाल्मिक म्हणाला, दिवसाला हजार मीटर कापड काढणाऱ्याच्या पोराला चिंधी म्हणायचं? अडाणी कुठले. माझा मुलगा रोहित.

डांबरी रस्त्यानं तर एसटीतून म्हाताऱ्या बायासुद्धा जातात, असं म्हणून तो बळीराम आणि हेमराजला घेऊन व्याऱ्याहून आत जंगलात शिरला. तीन गाड्या, तीन माणसं. दोन दिवस धुरळा, दगड, नदीनाले. बळीरामची गाडी चिखलात रुतली की हा आपल्या नव्या राजदूतवर बसून हसायचा. हेमराजला कण्हताना पाहिलं की विचारायचा, झोळी बांधू का तुला? पाड्यावरच्या माणसांनी नागलीची भाकर दिली, ती खाऊन त्यांनाच नावं ठेवायचा.

तिसऱ्या दिवशी, सूर्य टेकलेला असताना, खिंडीत त्याच्या गाडीची चेन उतरली. तिथंच चिंधीदेवाचा पळस होता. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत चिंध्याच चिंध्या. त्या वाटेची रीत अशी, की वाटसरूनं अंगावरच्या कपड्याची चिंधी फाडून बांधायची आणि म्हणायचं, माझ्या मागं लागलेलं इथंच राहू दे. बळीराम आणि हेमराजनं सदऱ्याची टोकं फाडून बांधली.

वाल्मिकनं चेन चढवली. हात काळे झाले. लूमवरच्या माणसाची सवय तुम्हाला माहीत आहे... हात काळे झाले की तो चिंधी शोधतो. त्यानं पळसावरची एक जुनी, विटलेली चिंधी ओढून काढली आणि हात पुसले. चार बोटांचे काळे ठसे उमटले तिच्यावर. मग रोजच्यासारखी कमरेला खोचली.

बळीराम म्हणाला, ठेव ती परत.

वाल्मिक हसला. "तुझ्या देवाकडं चिंध्यांचा काय तोटा आहे?"

गाडी सुरू झाली ती जडच. वाल्मिकला वाटलं, चेन घट्ट बसली. चढावर इंजिन कण्हू लागलं. पाडव्याची रात्र, चंद्र नाही. मागचं फूटरेस्ट खडखडत होतं म्हणून त्यानं पाय मागं नेऊन ते वर दुमडलं. थोड्या वेळानं पाहिलं... खाली. पुन्हा दुमडलं.

पुन्हा खाली.

हेमराज बराच मागं होता; बळीरामचा दिवा मागून त्याच्या पाठीवर पडत होता. मग तो दिवा हळूहळू मागं राहू लागला. वाल्मिकनं गाडी थांबवली. बळीरामही थांबला. लांबच.

"जवळ ये की," वाल्मिक म्हणाला.

बळीराम गाडीवरून उतरला नाही. तिथूनच त्यानं विचारलं, "तुना मांगे कोन बठेल शे?"

मागं कोण बसलंय, ते वाल्मिकनं वळून पाहिलं नाही. कमरेची चिंधी काढली. अंधारात फेकली. गाडी रेटली.

जड... तशीच जड. मानेवर श्वास नाही, आवाज नाही. फक्त वजन. खड्डा आला की ते वजन सावरून बसायचं. माणसासारखं.

सासरच्या गावाची वेस आली आणि गाडी एकदम हलकी झाली. वाल्मिकनं खाली पाहिलं. फूटरेस्ट वर दुमडलेलं. त्याचा जीव भांड्यात पडला. ओट्याशी गाडी लावली, हातपाय धुतले, पाळण्याचं लाल कापड काढलं. बळीरामला म्हणालासुद्धा, घाबरट आहेस.

योगिता दारात आली. म्हणाली, दमलात ना? मग आत वळून पाहत तिनं विचारलं, "तुमच्यासोबत आल्या त्या आजी कोण? तुम्ही पाय धूत होतात तोवर आत गेल्या. पाळण्यापाशी बसल्यात."

कापड हातातून पडलं.

आत कंदील. पाळणा हलत होता. जवळ कुणी नव्हतं.

मूल हलत नव्हतं...

वाल्मिकनं हात पुढं केला. मागं घेतला. पुन्हा केला. छाती गरम होती. खाली... वर. झोपलं होतं.

डाव्या मनगटाला एक विटलेली चिंधी सैलसर बांधलेली होती. तिच्यावर चार बोटांचे काळे ठसे.

बारशासाठी आधीच आलेली मंगलाबाई उंबऱ्यात उभी होती.  बारशाला अजून रात्र जायची होती, पण वाल्मिक पाळण्याशी बसला आणि आयुष्यभर ज्या नावाला हसला, ते त्यानं मुलाच्या कानात सांगितलं.

"चिंधा."

गच्चीवर पोरं कठड्याजवळ सरकली होती. मघाशी आप्पांच्या नावावर बोललेल्या पोरानं हळूच विचारलं, मग ती चिंधी?

"अजून आहे," आप्पा म्हणाले. "सोडायची छाती कुणाची? चार वर्षं झाली. पोरगं खाली गल्लीत धावतं, पाहिलंय तुम्ही. हातपाय भरले, मनगट दुप्पट झालं. गाठ कुणी सोडली नाही, कुणी बांधली नाही..."

त्यांनी कठड्यावरून खाली गल्लीत पाहिलं.

"चिंधी अजून तेवढीच सैल आहे."