तडकलेल्या चंबूवरचा शेला

"हा शेला माझ्या आईने विणलाय," फिलिन्नाने तिसऱ्यांदा सांगितलं.

आणि तिसऱ्यांदाही खारिनोसने जांभईच दिली. खारिनोस म्हणजे कुंभारवाड्याचा मुकादम. फिलिन्नाच्या मामाला कोठारात कोंडून दारात तिवई टाकून बसला होता, मांडीवर तो तांबडा लोकरीचा शेला, आणि बाजूला भाजलेल्या हरभऱ्यांचा द्रोण.

"पोरी, शेला तांबडा आहे. घोडेस्वार आंतिफिलोसचा हरवलेला शेलाही तांबडा आहे. तो हरवला तेव्हा तुझा मामा आखाड्यात चित्रं काढत बसला होता. आणि हा सापडला तुझ्या मामाच्या चाकापाशी. आणखी काय पाहिजे?"

"काठ बघा ना. लाटांचा काठ आहे. आईशिवाय असा काठ कोणी घालत नाही. आणि एका लाटेत तिचा धागा चुकलाय, तो मी दाखवते—"

"मग बोलव आईला."

"आई मावशीच्या बाळंतपणाला एजिना बेटावर गेलीय. सण झाल्यावर येईल."

"सण झाल्यावर," खारिनोस म्हणाला आणि दोन हरभरे तोंडात टाकले. "आणि मी त्याला आज दुपारीच अकरा अधिकाऱ्यांपुढे नेणार. सूर्य डोक्यावर आला की निघायचं."

आखाड्यातला आणि न्हाणीघरातला शेलाचोर म्हणजे अथेन्समध्ये सगळ्यात वाईट चोर. बिचारी माणसं उघडी होऊन कुस्ती खेळतात, आणि हा त्यांची पांघरुणं पळवतो. त्या अकरा जणांपुढे गेलेला शेलाचोर पुन्हा कुंभारवाड्यात दिसल्याचं कोणालाच आठवत नव्हतं.

"आंतिफिलोसला तरी विचारा, त्याच्या शेल्याचा काठ कसा होता."

"विचारलं. तो म्हणाला, काठबीठ बायका बघतात."

"मग त्याच्या बायकोला विचारा."

"भल्या घरच्या बाईला चौकात बोलवू? तू जा बरं घरी. भांडी उतरव."

शेजारी तिचा धाकटा भाऊ निकॉन आणि आत्याचा थ्रासोन उभे होते. सणाची सुट्टी म्हणून दोघांनी लिहायच्या पाट्या घरी फेकल्या होत्या. थ्रासोन तेरा वर्षांचा, आखाड्यात सगळ्यांना लोळवणारा. आत्ता मात्र त्याचं सगळं लक्ष त्या द्रोणाकडे.

"त्याने एकदाही विचारलं नाही, घेता का म्हणून," परत जाताना तो म्हणाला.

"मामाला मारतील, आणि तुला हरभरे सुचतात?"

"उपाशीपोटी मला काहीच सुचत नाही, फिली. हरभरे होते म्हणून निदान ते तरी सुचले."

अंगणात बाबा भट्टीचं तोंड उघडत होते. आठ दिवसांपूर्वी मामाने रंगवलेले चंबू आज बाहेर निघायचे होते. सणाला लहान मुलांना असे ठेंगणे चंबू देतात. बाबांचा चेहरा भट्टीच्या आतल्या बाजूसारखा काळवंडलेला.

"बाबा, तुम्ही तरी चला ना. शेला आईचा आहे हे तुम्हाला माहीत आहे."

"गेलो होतो काल. तो म्हणतो, मेव्हण्यासाठी कोणीही खोटं बोलेल." बाबांनी एक चंबू बाहेर काढला, कानाशी धरून बोटाने वाजवला. टण्ण. दुसरा. टण्ण. तिसरा बद्द वाजला. "मुठीपाशी तडकला. टाक तिकडे खापरांत. आणि उगाच लुडबूड करू नको, तू बोललीस की ते आणखी चिडतात."

म्हणजे आता हेही तिच्याच माथी. फिलिन्नाने चंबू उचलला आणि खापरांच्या ढिगावर आपटायला हात वर नेला. आपटला असता, आणि गोष्ट तिथेच संपली असती. पण निकॉनने तिचं मनगट धरलं.

"थांब, हा आपला देव आहे. चौकातला."

खरंच होता. काळ्या रोगणातून मातीच्या रंगात उमटलेला चौकातला लाकडी खांब. दर सणाला त्यावर दिओनिसोस देवाचा दाढीवाला मुखवटा टांगतात आणि खाली माणसासारखं कापड नेसवतात. मामाने ते अगदी जसंच्या तसं काढलं होतं. खांबाला घोडेस्वार घालतात तसा आखूड शेला, त्याच्या घड्या एकेक मोजून घ्याव्यात अशा, आणि उजव्या खांद्यावर शेला अडकवलेला काटा.

"काट्यावर काहीतरी आहे," निकॉन म्हणाला. त्याची नजर म्हणजे घारीची.

फिलिन्नाने चंबू उन्हात धरला. जवाच्या दाण्याएवढं चित्र. दोन कान, लांबट तोंड, मानेवर आयाळ.

"घोडा," थ्रासोन म्हणाला. "घोड्याच्या तोंडाचा काटा. आणि आंतिफिलोस काल चौकात काय ओरडत होता? 'माझा काशाचा काटाही गेला, घोड्याच्या तोंडाचा, चोराने वितळवून टाकला असेल!'"

मग फिलिन्नाने जी धूम ठोकली ती थेट कोठारापाशी.

खारिनोसने चंबू घेतला, उलटा केला, आत डोकावला. "तडकलाय."

"चित्र बघा. काटा बघा. शेला देवाच्या अंगावर आहे!"

"चित्रात आहे. चित्रात तर मी घोड्याचं धड आणि माणसाचं डोकं असलेला प्राणीही बघितलाय. म्हणून तो माझ्या कोठारात येऊन चरतो का? आणि हे काढलं कोणी? चोरानेच. चोराने काढलेलं चित्र चोराच्या बाजूने, वा."

"पण तुम्ही चौकात जाऊन—"

"सणाच्या दिवशी देवाची झडती घेऊ? जा."

फिलिन्नाला वाटलं, याच्या दाढीतले हरभरे एकेक करून उपटावेत. ती पाय आपटत कोठाराच्या मागे गेली. तिथे उंचावर एक गजाची खिडकी होती. थ्रासोन वाकला, ती त्याच्या पाठीवर चढली.

"मामा, हा चंबू तू कधी काढलास?"

मामा गजांशी आला. डोळे लाल, पण चंबू पाहताच खुलला. "अरे, निघाला भट्टीतून? बघ, डाव्या बाजूची घडी कशी पडलीय. तीन वेळा पुसली, तेव्हा जमली."

"मामा, कधी?"

"आठ दिवस झाले. पहाटे चौकातून जात होतो, देवाला कोणीतरी नुकताच शेला घातला होता. वेलीबिली अजून चढल्या नव्हत्या. तिथेच बसून खापरीवर उतरवून घेतला."

"मग काल सांगितलं का नाहीस? हा आंतिफिलोसचा काटा आहे."

मामाने काट्याकडे पाहिलं, जणू पहिल्यांदाच. "आहे की. मी घड्या बघत होतो गं. काटा दिसला तसा काढला. कोणाचा ते कुठे बघतो मी?"

फिलिन्नाने डोळे मिटले. एक माणूस काठ बघत नाही, एक चित्र बघत नाही, आणि सख्खा मामा, ज्याच्या जिवावर बेतलंय, तो घड्या बघतो. सगळ्यांच्या वाटचं तिनेच बघायचं.

"फिली, पाठ मोडली," खालून थ्रासोन कण्हला. "मामा, तू लवकर सूट, हिला आम्ही पेलू शकत नाही."

चौकात देव ओळखू येत नव्हता. आठ दिवसांत बायकांनी त्याच्यावर आयव्हीच्या वेली गुंडाळल्या होत्या, वरून ओढण्या, लोकरीच्या दोऱ्या, फुलांच्या माळा. नुसता मुखवटा तेवढा बाहेर, भरपूर पांघरुणं घेतलेल्या आजारी माणसासारखा. पायथ्याशी नव्या द्राक्षारसाचा रांजण मांडून लिसिल्ला आजी बसली होती. ती इथली पुजारीण, वय सत्तर, आणि हातातली काठी फक्त चालण्यासाठी नव्हती.

निकॉनने वेलीला हात लावला आणि काठी त्याच्या बोटांवर बसली.

"देवाची वस्त्रं काढतोस?"

"काढत नाही, आजी," फिलिन्ना घाईने म्हणाली. "सगळ्यात आत तांबडा शेला आहे ना? तो कोणी घातला?"

"आहे. पण कोणी घातला ते कोणास ठाऊक. मी पहाटे आले तर देव सजलेला. एवढा महागाचा शेला, वर काटासुद्धा, आणि नाव न सांगता निघून गेला बिचारा. आठ दिवस त्याच्या नावाने, म्हणजे बिननावाने, धूप घालतेय मी."

"आम्हाला तो शेला एकदा मुकादमाला दाखवायला—"

"देवाला दिलं ते देवाचं. इथून एक धागा हलणार नाही. आणि तुझ्या मुकादमाच्या दारात मी जाणार नाही, मागच्या सणाला माझी वाटी नेली ती अजून परत नाही केलेली."

सूर्य जवळजवळ डोक्यावर आला होता. निकॉन रडकुंडीला आला. फिलिन्नाला तर खांबावर डोकं आपटावंसं वाटत होतं. शेला इथे, मुकादम तिथे. हा हलत नाही आणि तो येत नाही.

मग ती एकदम थांबली.

"आजी, ज्याने शेला दिला तो सापडला तर त्याला काय द्याल?"

"पहिला पेला. सगळ्यांच्या आधी, सगळ्यांच्या देखत, आणि नाव घेऊन."

"मग मी त्याला आणते," फिलिन्ना म्हणाली. "तुम्ही फक्त भरून ठेवा."

कोठारापाशी गर्दी जमली होती. मामाचे हात दोरीने बांधून त्याला बाहेर काढलं होतं, मागे बाबा मान खाली घालून उभे. आंतिफिलोस नवा, पिवळा शेला घालून, तीन मित्रांच्या घोळक्यात, घोड्यावरून उतरल्यासारखा पाय फाकून उभा होता. घोडा मात्र घरीच.

फिलिन्ना मुकादमाकडे गेलीच नाही. ती मित्रांपाशी गेली आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "दादा, तुम्ही सगळीकडे मेजवान्यांना जाता म्हणून विचारते. चौकातल्या देवाला आठ दिवसांपूर्वी कोणीतरी शेला घातला. पुजारीणबाई त्याला शोधतायत. नव्या रसाचा पहिला पेला त्याला द्यायचाय, सगळ्या लोकांसमोर."

"आठ दिवसांपूर्वी?" एका मित्राने मांडीवर थाप मारली. "आंतिफिलोस, तूच ना रे! मशाली घेऊन गात येत होतो आपण. तू म्हणालास, देव गारठलाय, मला बघवत नाही. पण तुला कुठलं आठवतंय, इतका प्यायला होतास!"

"मी?" आंतिफिलोस म्हणाला. मग 'पहिला पेला' हे शब्द त्याच्या डोक्यात पोचले असावेत, कारण छाती फुगली. "हो, मीच. देवाचं आपल्याला फार. बोलून दाखवत नाही इतकंच."

"काय मोठं मन," थ्रासोन म्हणाला. "चला ना, रस गरम होईल."

गर्दी चौकाकडे वळली. फुकटचा पेला म्हटल्यावर खारिनोसही मांडीवरचा शेला खांद्यावर टाकून उठला, आणि बांधलेला कैदी एकटा सोडता येईना म्हणून दोरीसकट मामालाही घेतलं. फिलिन्नाच्या मनात होतं त्याहून हे जास्तच झालं.

लिसिल्ला आजीने पेला भरून धरला होता. "तूच घातलास शेला? देवासमोर सांग. स्वतःचा होता की दुसऱ्या कोणाचा? चोरीचं देवाला चालत नाही."

"दुसऱ्याचा कशाला? माझाच," आंतिफिलोस मोठ्याने म्हणाला. "आंतिफिलोस दुसऱ्याचं देत नाही."

"बघू तर." आजीने काठीने माळा बाजूला सारल्या, ओढण्या वर केल्या, आयव्हीची वेल फाकवली. आत तांबडी लोकर. उजव्या खांद्यावर काशाचा घोडा, कान टवकारलेला.

"माझा काटा!" आंतिफिलोस ओरडला. आणि मग त्याचं तोंड उघडंच राहिलं.

निकॉनने फिलिन्नाच्या हातातला चंबू घेतला आणि खारिनोसच्या नाकाशी धरला. मुकादमाने चित्रातला घोडा बघितला, खांबावरचा बघितला, पुन्हा चित्रातला.

"मग," तो सावकाश म्हणाला, "माझ्या खांद्यावर आहे तो शेला कोणाचा?"

"माझ्या आईचा," फिलिन्ना म्हणाली. "चौथ्यांदा सांगतेय."

हसण्याचा असा काही लोट उठला की रांजणावरची माशीसुद्धा उडाली. मित्र तर खाली बसून हसत होते. आंतिफिलोसने काट्याकडे हात नेला, तेवढ्यात आजीची काठी आडवी आली. "दिलंस ना? सगळ्यांनी ऐकलं. घे, पहिला पेला." त्याला तो प्यावा लागला, औषधासारखा. आणि मग, आजी तिथून हलूच देईना म्हणून, मामाची माफीही मागावी लागली.

खारिनोसने दोरी सोडली. "पोरं हुशार आहेत," तो निकॉनच्या आणि थ्रासोनच्या पाठीवर थाप मारून म्हणाला. "शाबास रे मुलांनो."

"आम्ही नाही," थ्रासोन म्हणाला. "मी फक्त पाठ दिली. आणि हरभऱ्यांचं म्हणाल तर अजूनही घेऊ."

खारिनोसने फिलिन्नाकडे पाहिलं, खाकरला, आणि उरलेला द्रोण तिच्या हातात दिला. लिसिल्ला आजीने तिला जवळ ओढून स्वतःच्या डोक्यावरची आयव्हीची माळ तिच्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाली, "मुकादम तू व्हायला हवी होतीस. निदान माझी वाटी तरी परत मिळाली असती."

घरी बाबांनी तडकलेला चंबू पुसून दुकानातल्या पुढच्या फळीवर ठेवला, सगळ्यात चांगल्या मडक्यांच्या मधोमध. कोणी किंमत विचारली तर नाही म्हणून मान हलवायची, असं ठरलं. "सकाळी तुला लुडबूड करू नको म्हणालो," ते फळीकडेच बघत म्हणाले. "चुकलं माझं."

मामा आईचा शेला हातात घेऊन उभा होता. काल ओढाताणीत तो चिखलातून फरफटला होता, त्यावर मुकादमाच्या हरभऱ्यांचं तेल. "फिली, आज तुझं चित्र काढतो. हा शेला पांघरून उभी राहा. उजेड काय सुंदर पडलाय, घड्या बघ ना—"

"उभी राहीन," फिलिन्ना म्हणाली आणि राखेची टोपली त्याच्यापुढे सरकवली. "आधी तो धुवायचा. आई येईपर्यंत एक डाग दिसता कामा नये. आणि धुणार तू. घड्या जवळून बघायला मिळतील."

मामाने बाह्या सारल्या. थ्रासोन हरभरे खात पाणी शेंदायला गेला.