हळूबाई

सूनबाई, कपाटावरच्या त्या लष्करी टेलिफोनची धूळ खुशाल पूस, पण त्याचं हँडल फिरवायचं नाही. बस जरा, कारण सांगतो. भुताखेतांना भीक घालणारा मी नव्हे, हे तुला ठाऊक आहेच.

लढाईत माझं काम तारा टाकायचं. पाठीवर तारेचं रीळ, खांद्याला हा फोन. तार तुटली की ती मुठीतून सरकवत तुटीपर्यंत जायचं, जोडायचं, हँडल फिरवून घंटी द्यायची. माझ्यासारखा तारवाला अख्ख्या पलटणीत नव्हता, खोटं कशाला बोलू? माझा जोडीदार उघडी टोकं हातात धरायचा आणि मी मुद्दाम हँडल फिरवायचो. विजेचा झटका बसला की तो ओरडायचा, "हळू रे, मेल्या!" म्हणून त्याचं नाव हळूबाई. एका मंगळवारी तोफगोळ्याने तो गेला. मीच त्याला मातीआड केलं. खूप रडलो गं.

गुरुवारी सकाळी टेकडीवरच्या चौकीची तार तुटली. धुकं असं की स्वतःचे बूट दिसेनात. साडेदहाला आमच्याच तोफा त्या टेकडीवर सुटणार होत्या, आणि वरच्या बारा जणांत माझा धाकटा भाऊ होता. ज्याच्या मांडीवर तुझा नवरा वाढला, तोच. त्यांना 'खाली या' एवढंच सांगायचं होतं.

तुटलेलं टोक एका मोठ्या खड्ड्याच्या काठाशी सापडलं. नवी तार जोडून खड्ड्यात उतरलो आणि रीळ संपलं! निघताना रीळ हाताने तोलून बघायचं असतं. मी अतिशहाणा, अर्धंच उचललं होतं. पलीकडच्या काठावरचं दुसरं टोक अजून वीसेक पावलं लांब. दहा वाजून दहा मिनिटं झालेली, चढण पळत चढायला अर्धा तास.

तेवढ्यात मुठीतली तार ओढली गेली... अगदी सावकाश. मग ताणली. जळक्या मातीचा वास दाटला.

"कोण आहे?"

म्हटलं, वरून कुणी तारवाला आला असेल. फोन जोडला, हँडल फिरवलं. धुक्यात कुणीतरी कण्हलं... आणि कानात भावाचा आवाज!

"दादा?"

"खाली या. आत्ता. तार धरून या."

बाराच्या बारा आले. मागे टेकडी पेटली. मी भावाला घट्ट मिठी मारली. तो म्हणाला, "तुझा माणूस खड्ड्यात बसलाय. चल म्हटलं, तर म्हणतो, तार सोडता येत नाही."

"जोड घातला ना त्याने?"

"नाही... आमच्याकडचं टोक नुसतं हातात धरलं होतं. दुसरा हात तुझ्या बाजूला, धुक्यात... दादा, त्या हाताच्या कडेकडेने आम्ही चालत आलो. संपतच नव्हता."

त्याच दुपारी पलटण हलली. ती तार गुंडाळायला कुणी गेलंच नाही. म्हणून म्हणतो, हँडल फिरवायचं नाही. त्याला लागतं.

का गं, चेहरा का उतरला? सकाळीच फिरवलंस? मी बाहेर गेलो होतो तेव्हा? आणि मागून कुणीतरी 'हळू' म्हणालं?

...थांब. या फोनची वीतभर तार कपाटामागे नुसती लोंबत असते ना? मग ही अशी ताणलेली कशी?

हात लावू नकोस. त्याने धरलीय.