मधला झेंडा

पाहिलेलं

१९७१च्या पावसाळ्यानंतर श्रीगोंद्याच्या पट्ट्यात उसावर पाकोळी ही रस शोषणारी कीड पडली. पानाला बोट लावलं तर चिकट लागायचं. खालची पानं काजळी धरून काळी झाली होती. कारखान्याने फवारणीसाठी विमान आणलं. मी शेतकी खात्यात ओव्हरसियर होतो, जमिनीवरचं काम माझ्याकडे होतं.

वरून सगळा ऊस सारखाच दिसतो, म्हणून खाली माणसं लागतात. लांब बांबूला पांढरं मांजरपाट बांधायचं आणि शेताच्या दोन टोकांना एकेक माणूस उभा करायचा. दोन्ही झेंडे एका रेषेत धरून पायलट शेंड्यांवरून येतो, औषध सोडतो, निघून जातो. झेंडेवाले पुढच्या पट्ट्यासाठी बाजूला सरकतात. शेत फार लांब असलं तर मध्ये, पाटाच्या कडेला, तिसरा माणूस.

औषध उसावर पडतं तसं माणसांवरही पडतं. विमान आलं की बाकीचे पोत्याची खोळ घेऊन खाली बसायचे. सहादेव बसायचा नाही. माणूस बसला की बांबू हलतो, असं त्याचं म्हणणं. झेंडा रोवायचा नाही, टाकायचा नाही, बदलीवर आलेल्या माणसाच्या हातातच द्यायचा, हा नियम त्याच्याइतका कोणी पाळला नाही.

मधली जागा त्याची होती. एका सकाळी मधला झेंडा दिसेनासा झाला. आम्ही पोचलो तेव्हा सहादेव पाटात आडवा होता. तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी. दंडाचं मांस कातडीखाली वळवळत होतं. बांबू पाण्याबरोबर गेला होता. तो पुढे कुठेच सापडला नाही.

ऐकलेलं

श्रीगोंद्याच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं. सकाळच्या कोवळ्या उन्हात?

मी फवारणी थांबवण्याबद्दल आमच्या साहेबांशी बोललो. पाकोळी थांबणार आहे का, असं त्यांनी विचारलं.

तेव्हा मधली जागा मी बंद केली. दोन टोकांना दोन झेंडे, बास. एका टोकाला सहादेवचा धाकटा भाऊ भीमा होता. दादाच्या अंगावर आता माशी बसत न्हाई, लई फायदा झाला, असं तो इतरांना सांगत होता. हसत मात्र कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फवारणी उरकून विमान धावपट्टी केलेल्या माळावर उतरलं. पायलट भिंगारात वाढलेला, मराठी चांगलं बोलायचा. चहा पिता पिता म्हणाला, "मधला माणूस भारी आहे तुमचा. बाकीचे बसतात. हा वर बघतो."

मध्ये कोणी नाही, असं मी सांगितलं.

"मग मी सरळ उडतो कसा?" त्याने विचारलं, आणि कप पालथा घातला.

संशय

आधी पायलटवर. जवळ जाऊन वास घेतला. वेलदोड्याचा होता, दुसरा कसला नाही.

मग भीमावर. भावाच्या जागी गुपचूप कोणाला तरी उभं करत असेल. मी पाटाच्या कडेने चालत गेलो. ओला चिखल, त्यावर पाऊल नाही. उसाचं एक पान मोडलेलं नाही. भीमाला विचारलं तर तो चिडला. "सायेब, तिथं कोन हुबं ऱ्हाईल? माझं दोन्ही हात ह्याच बांबूला गुतल्यात."

मग डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं. उन्हाचं त्यांनी मागे घेतलं होतं. सहादेवच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीपेक्षा बारीक झाल्या होत्या. इंजेक्शनने संध्याकाळपर्यंत उतार पडायचा आणि रोज सकाळी, ताजं विष पोटात गेल्यासारखं, सगळं पहिल्यापासून. असं आणखी चाललं तर हा माणूस वाचणार नाही. कोणीतरी देतंय, ते म्हणाले, आणि दाराकडे बघितलं. दारात सहादेवची बायको लंकाबाई तांब्या घेऊन बसली होती. पोलिसांना कळवायचं त्यांच्या मनात होतं.

मी काही विचारायच्या आत लंकाबाई बोलली. "रातच्याला साबन लावून धुते मी त्यांला. कोरडं धोतर नेसवते. इमानाची येळ झाली की भिजत्यात."

शेत तिथून कित्येक मैल. विमानाचा आवाज दवाखान्यात पोचत नव्हता.

मी तिच्यावरही संशय घेतला. दुसऱ्या सकाळी माळावर माझ्या जागी दुसऱ्याला उभं केलं, लंकाबाईला बाहेर बसवलं, दाराला आतून कडी घातली आणि खाटेशेजारी बसलो.

पाहिलेलं

खोलीत कोणी आलं नाही.

खिडकी बंद होती.

सहादेवचा उजवा हात वर गेला. मूठ वळलेली. मुठीत काही नव्हतं, पण मनगट थरथरत होतं, वाऱ्यात काहीतरी उंच धरल्यासारखं.

त्याने तोंड वर केलं.

कपाळावर थेंब आले. मग भुवयांवर. मग केसांच्या टोकांवर.

घाम केसांच्या टोकांवर फुटत नाही.

उशी भिजली. खोलीत लसणासारखा उग्र वास पसरला. हा वास मला ओळखीचा होता. माळावरच्या औषधाच्या पिंपांचा.

त्याचा श्वास घरघरला, थांबला. पुन्हा आला. पुन्हा थांबला, या वेळी जास्त.

केलेलं

हात खाली ओढला. येईना. नावाने हाका मारल्या.

बाहेरून लंकाबाई दार वाजवत होती.

मी उभा राहिलो. माझा हात त्याच्या मुठीखाली धरला.

"सहादेव, बदली आलीय. दे इकडं."

मूठ उघडली.

माझ्या हाताला काही लागलं नाही. मी अजूनही तसंच सांगतो.

ऐकलेलं

त्या दिवसापासून सहादेवला उतार पडला. आधी पेज, मग भाकरी. पोलिसांचा विषय डॉक्टरांनी पुन्हा काढला नाही. पुढे लंकाबाई त्याला बैलगाडीतून घरी घेऊन गेली.

पण हे त्याच्या आधीचं, बदलीच्या दुसऱ्याच सकाळचं. मी माळावर होतो. विमान उडाल्यापासून परत येईपर्यंत जीपला टेकून उभा होतो, ड्रायव्हर शेजारी होता.

पायलट उतरला. हातावर पाणी घेतलं.

"मधला बदललात वाटतं," तो म्हणाला.

मी ड्रायव्हरकडे बघितलं.

"नव्या माणसाला सांगा, चष्मा काढून उभा राहत जा. काच डोळ्यावर चमकते."

तो चहाकडे गेला. मी चष्मा काढला आणि रुमालाने पुसायला लागलो. काचा चिकट झाल्या होत्या. पुसल्या तरी रुमाल सरकेना.

माझ्या पाठीमागे माणसं पुढच्या फेरीचं औषध टाकीत भरत होती.