काडीभर उशीर

शिलाई मशीन दुरुस्त झाली का, हे विचारायला सरोजिनी आली आणि दुकानाच्या दारातच थबकली. आत ढोलकी वाजत होती, पण वाजवणारं कोणीच नव्हतं! दुरुस्ती करणारा उद्धव नुसता पायडल मारत होता. पट्ट्यावर एक लाकडी रूळ फिरत होता. रुळावरचे खिळे बारीक काठ्यांना उचलत होते आणि काठ्या ढोलकीवर पडत होत्या.

"केरव्याचा ठेका आहे," उद्धव ऐटीत म्हणाला. "अकोल्याच्या प्रदर्शनात नेऊन राहिलो. तिथं लोक थांबले नाही, तर आमचे बाबा हा रूळ चुलीत घालणार आहेत."

"मला तर पोलिसांची कवायत वाटली."

"कावून? एकेक खिळा मोजून ठोकला! अंतर सारखं आहे."

"म्हणूनच तर." ती हसली. "दर दुसरा ठोका जरा रेंगाळला पाहिजे... दारातून निघताना पाय रेंगाळतो ना, तसा."

आणि ती निघाली – रेंगाळत.

मशीन काही लवकर दुरुस्त होईना. ती चौकशीला यायची, गुणगुणायची. तो दर दुसरा खिळा उपटून आगकाडीच्या जाडीएवढा मागे ठोकायचा.

"आता लंगडून राहिला तुमचा केरवा," ती म्हणायची.

"मंग अर्धी काडी?"

एका दुपारी ती गाता गाता डोलू लागली. उद्धव पायडल मारतच राहिला.

अकोल्याला ती वडिलांसोबत आली. ते, मोरोपंत मास्तर, हायस्कुलात गणित शिकवत. उद्धवच्या मांडवासमोर कोणी थांबत नव्हतं. सरोजिनीनं कान दिला – टक टक टक टक. पुन्हा कवायत!

"हे काय केलंत?"

"रांग वाकडी दिसत होती... लोक म्हणतील, याले सरळ खिळा ठोकता येत नाही. काल सारे सरळ केले."

"लोक रांग पाहणार की ठेका ऐकणार? जुनी भोकं आहेत ना? ठोका परत!"

त्यानं हातोडी उचलली. शेवटचा खिळा बसला, रूळ फिरला आणि वडिलांकडे न पाहताच सरोजिनी गाऊ लागली. एक शेतकरी पिशवी खाली ठेवून उभा राहिला. मग त्याची बायको. मग मांडव पुरेना. मोरोपंतांच्या छत्रीचं टोक जमिनीवर ठेका धरू लागलं.

गाणं संपल्यावर ते वाकून रूळ न्याहाळू लागले. "खिळे असमान आहेत. हा हिशेब कोणाचा?"

उद्धव ताठ उभा राहिला. "खिळे मी ठोकले, मास्तर. कुठं ठोकायचे, ते यांनी सांगितलं. हे यंत्र आमचं दोघांचं आहे."

सरोजिनीचे कान तापले, पण तिनं मान खाली घातली नाही.

मोरोपंतांनी छत्री काखेत मारली. मग सरोजिनीला म्हणाले, "बडनेऱ्याला परतायच्या गाडीत हे एकट्याला चढवता येणार नाही. धर तिकडून."

गाडीत रूळ दोघांच्या मधे होता. मोरोपंत खिडकीबाहेर पाहत होते.

"खरं सांगा," ती हळूच म्हणाली, "आमची मशीन कधी दुरुस्त झाली होती?"

"तुमी पहिल्यांदा विचारायले आल्या... त्याच दिवशी."

"मग इतका उशीर?"

"जरा रेंगाळलं पाहिजे, असं तुमीच तर म्हणाल्या होत्या!"